ठेवणे आणि टाकणे

दिवाळीच्या सुट्टीत थोरल्या बहिणीच्या गावी गेलो होतो. परभणी जिल्ह्यातील खेडे. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्काचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा भाचा, ओसरीवर बसला होता. त्याच्या उजव्या घोट्याभोवती काळपट वळ उठला होता. कशाचा म्हणून विचारले तर कोणी बोलेना. शेवटी त्याच्या बहिणीने सांगितले, "आई कापूस वेचायला जाती तवा बांधून जाती. मेढीला."

मला राग आला. मी शाळामास्तर, रागावलो की भाषण करतो. माणसाला जनावरासारखे दावे लावतात काय, बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केले ते याचसाठी काय, असे पुष्कळ बोललो. अक्काचे भाकरी थापणे थांबले नाही. माझे सारे बोलून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "मंग गुरुजी, तुम्हीच न्या की."

मी त्याला नेले नाही. त्या न नेण्याविषयी, आणि त्यानंतर मनात जे प्रश्न उभे राहिले त्यांविषयी, धम्मबांधवांसमोर काही मांडावेसे वाटते. कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख नोंदली गेली. नोंदली न गेलेल्यांचे काय ते ज्याने त्याने आपल्या वस्तीत नजर टाकून ठरवावे. आपल्या प्रत्येक वस्तीत असे एखादे लेकरू असते, आणि जयंतीच्या मिरवणुकीत ते कधी दिसत नाही.

आधी अक्काविषयी सांगतो, नाहीतर ती निर्दय वाटेल. ती सातवीत शाळेतून काढली गेली. आई-वडील मजुरीला जात. मला सांभाळायला घरी कोणी नव्हते. पुढे तिच्या वेचणीच्या पैशांतून माझी डी.एड.ची आणि मग बी.ए.ची फी भरली गेली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावच्या विहारात माझा सत्कार झाला तेव्हा ती मागे बायकांत बसली होती. पदवीच्या कागदावर नाव माझे आहे. त्यात तिची सात-आठ वर्षे गेली आहेत.

भाचा २०११ साली जन्मला. रात्री कळा सुरू झाल्या, गावात गाडी नव्हती, पावसाने नाल्याला पूर आलेला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, तो त्याआधीचा. बाळ जन्मले तेव्हा रडले नाही, निळे पडले होते. मान उशिरा धरली, चालायला चौथे वर्ष लागले. आता त्याला दहा-बारा शब्द येतात. फिट येतात. दार उघडे दिसले की तो रस्त्याने चालू लागतो आणि मागे वळून पाहत नाही. एकदा विहिरीच्या काठावर सापडला. अंगाने आता तो अक्काहून मोठा झाला आहे. तिला तो आवरत नाही. मेहुणे पुण्याला बिगारी कामावर, वर्षातून तीनदा येतात. अक्का कामाला गेली तर त्याच्याजवळ त्याची थोरली बहीण राहते. ती बारावीला आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस तिचे कॉलेज बुडते. म्हणजे दोर असतो तेव्हा मुलगी शिकते, आणि दोर नसतो तेव्हा मुलगी घरी बसते. हे मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले. अक्काने आपल्या मुलीची शाळा वाचवण्यासाठी दोर लावला होता. जे तिच्या बाबतीत कोणी केले नाही ते ती मुलीच्या बाबतीत करीत होती.

आता शेजारीपाजारी काय म्हणतात ते पाहू. मागल्या जन्मीचे भोग. हे म्हणणारे केवळ हिंदू शेजारी नाहीत. आपल्याच वस्तीतल्या, गळ्यात निळा दोरा आणि घरात तथागतांचा फोटो असलेल्या बायाही असेच म्हणतात. धर्म एका दिवसात सोडता येतो, पण जिभेवरचे शब्द पिढ्या घेतात.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या सिद्धांताची चिकित्सा किती कठोरपणे केली आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ म्हणून आजचे दारिद्र्य आणि आजची जात, हा हिशेब मांडला की समाजाची आणि सत्तेची जबाबदारी संपते. माणूस आपल्या दुःखाचा स्वतःच गुन्हेगार ठरतो. बुद्धांसारखा कारुणिक असे कसे शिकवील, असा बाबासाहेबांचा रोकडा सवाल आहे. याला पाली साहित्यातही आधार आहे. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्माने होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय? बुद्ध उत्तर देतात की पित्ताने दुःख होते, कफाने होते, वाताने होते, तिन्हींच्या संयोगाने होते, ऋतू बदलल्याने होते, विषम वागण्याने होते, आघाताने होते, आणि कर्मविपाकानेही होते. म्हणून सारे काही पूर्वकर्माचे असे जे म्हणतात ते प्रत्यक्ष दिसणाऱ्या आणि जगाला माहीत असलेल्या गोष्टीच्या पलीकडे धाव घेतात. आठांपैकी एक कारण कर्म आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण आठांपैकी एकालाच सर्वस्व मानू नका, हा त्या उत्तराचा रोख आहे.

माझ्या भाच्याची कारणे मी मोजू शकतो. पूर आलेला नाला. गावात नसलेली गाडी. दूर असलेला दवाखाना. बाळाच्या मेंदूला काही मिनिटे न मिळालेला प्राणवायू. यांत मागल्या जन्माला कोठे जागा आहे? प्रतीत्यसमुत्पाद म्हणून आपण जे विहारात ऐकतो ते याहून वेगळे काय आहे?

हे सारे मी अक्काला समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी पूल असता तर तो नीट असता?" मी होय म्हणालो. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी मला म्हणाली, "मामा, तुम्ही असं सांगायला नको होतं. नशीब म्हणत होती तोवर तिला झोप तरी लागायची."

धम्मबांधवांनो, येथे मी अडलो, आणि अजूनही पुरता सुटलेलो नाही. कर्मविपाक खोटा आहे हे सांगणे आपले कर्तव्य आहे. पण ज्याचा तो खोटा आधार आपण काढून घेतो त्याच्या हाती आपण दुसरे काय देतो? नशिबाने झाले म्हटले की कोणाकडे काही मागायचे नसते. पूल नव्हता म्हणून झाले असे म्हटले की लगेच विचारावे लागते की मग आता कोणी काय करायचे? हा प्रश्न विचारायला आपण शिकवतो आणि उत्तराच्या वेळी शेवटची एस.टी. पकडून आपापल्या गावी परततो. मी तसाच परतलो.

परत आल्यावर मात्र शोध सुरू केला. शिकलेल्या माणसाने निदान चौकशी तरी करावी. जे कळले ते येथे देतो, कारण ते एका जागी कोठे मिळत नाही.

पहिली गोष्ट कागदाची. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला आणि त्यावरून युडीआयडी कार्ड काढल्यावाचून कोणतेही दार उघडत नाही. दाखल्यावर निदान ४० टक्के लागतात. अक्काकडे तो दाखला नव्हता. चौदा वर्षांत कोणी सांगितले नव्हते, आणि सांगायला हवा होता तो मामा शासकीय नोकरीत होता.

दुसरी गोष्ट, मनोरुग्णालय ही या मुलांची जागा नव्हे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांची नावे लोक सहज घेतात. पण बुद्धीची वाढ अपुरी राहणे आणि मनाचा आजार होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून हे अपंगत्व स्पष्टपणे वगळले आहे.

मग उरतात त्या निवासी विशेष शाळा, बालगृहे, आणि पालकांनी मिळून काढलेल्या संस्था. आपल्याकडे या कामाची परंपरा अगदी नवी नाही. मुंबईत मानखुर्द येथे चिल्ड्रन्स एड सोसायटीने अशा मुलांसाठी वसतिगृह काढले त्याला १९४१ साल उजाडले होते. निवासी विशेष शाळेत सहा ते अठरा वयाची मुले घेतात. दिवाळीत आणि उन्हाळ्यात शाळा बंद, मूल घरी न्यावे लागते. बालगृहाचा मार्ग बाल कल्याण समितीकडून जातो आणि तो मुख्यतः ज्यांना कोणी नाही किंवा ज्यांचे आईबाप सांभाळूच शकत नाहीत अशांसाठी आहे. आईबापांनी मूल कायमचे सोपवायचे म्हटले तर कायदा त्यांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत देतो. पालकांच्या संस्थांत बदलापूरची 'आधार' आणि पुण्याची 'सावली' यांचे नाव पुष्कळदा निघाले. आपल्यामागे आपल्या मुलांचे काय, या एका धास्तीतून आईबाप एकत्र आले आणि त्यांनी घरे उभी केली. त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण अशा ठिकाणी बहुधा आधी अनामत ठेव लागते आणि मग दरमहा खर्च. एका संस्थेत (ती वरच्यांपैकी नव्हे) मला ठेवीचा आकडा सांगण्यात आला तेव्हा मी नुसता हं म्हणालो. अक्काच्या घराची, जागेसकट, तेवढी किंमत होणार नाही.

राष्ट्रीय न्यास म्हणून एक मंडळ १९९९ च्या कायद्याने स्थापन झाले आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी. त्याची 'निरामय' नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, निवासासाठी 'समर्थ' आणि प्रौढांसाठी 'घरौंदा' आहे. योजना आहेत, पण योजना चालवणारी नोंदणीकृत संस्था आपल्या जिल्ह्यात नसेल तर ती पुस्तकात राहते. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर आईबापही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत; जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. हे तर मला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

अठरा वर्षे हा आकडा येथे फार महत्त्वाचा आहे. शासनाच्या हिशेबाने मूल अठराव्या वर्षी मोठे होते. पण या मुलांचे मोठे होणे तारखेने होत नाही. अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस अपंग मुलांना आपले आडनाव देऊन वाढवले आणि अठरा झाल्यावर त्यांना बाहेर काढण्यास नकार दिला. अशांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा, हीच मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार लवकर मिळतात, कायदे उशिरा.

जाता जाता एक शब्दाविषयी. शासनाने आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला आहे, आणि २०२२ साली आपल्या राज्यात त्या नावाचा स्वतंत्र विभागही झाला. विभाग झाला हे चांगले झाले. शब्द मात्र मला खटकतो. ज्यांना देवळाबाहेर ठेवले त्यांना देवाची लेकरे म्हणून एक नाव देण्यात आले होते. ते नाव आपण का नाकारले हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगणे नलगे. माझ्या भाच्याच्या अंगात दिव्य काही नाही. त्याला फिट येते तेव्हा त्याचे डोके आपटू नये म्हणून खाली काहीतरी मऊ लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लेकरू संस्थेत ठेवणे म्हणजे टाकणे काय?

'टाकले' असे लोक म्हणतातच. अक्काच्या जावेने तिला ऐकवून ठेवले आहे की, आई जिवंत असता आश्रमात घालणार का? म्हणणारी स्वतः एक दुपारही त्याला सांभाळायला आलेली नाही. आणि गंमत अशी की कायदाही वरवर पाहता तेच म्हणतो. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे नववे कलम सांगते की अपंगत्वाच्या कारणावरून कोणत्याही मुलास आईबापांपासून वेगळे करू नये, मुलाच्या हितासाठी न्यायालयाने आदेश दिला तरच करावे. आईबाप असमर्थ असतील तर जवळच्या नातलगांकडे, ते नसतील तर समाजात कुटुंबासारख्या वातावरणात, आणि अपवाद म्हणूनच निवारागृहात ठेवावे. मी हे कलम दोनदा वाचले. चांगले कलम आहे. पूर्वी जगभर अशा मुलांना मोठमोठ्या कोठारांत कोंडले जाई, त्या अनुभवातून ते आलेले आहे. आपल्याकडेही २०११ साली पनवेलजवळ कळंबोली येथे मतिमंद मुलींच्या संस्थेतील अत्याचार उघडकीस आले, खटला चालला, २०१३ साली आरोपींना शिक्षा झाल्या. ज्याला सांगता येत नाही त्याच्यावर काय गुदरते हे चार भिंतींआड कोणाला कळणार? तेव्हा संस्थेविषयीची भीती ही काही आईची दुबळी माया नव्हे. ती अनुभवाने खरी ठरलेली भीती आहे.

परंतु कलम म्हणते 'जवळचे नातलग'. म्हणजे मी. कुटुंबात ठेवा असे जेव्हा कायदा, समाज आणि जाऊबाई एकमुखाने म्हणतात, तेव्हा कुटुंब या शब्दाचा अर्थ प्रत्यक्षात एक बाई असा होतो, आणि ती थकली की तिची मुलगी. कुटुंबाच्या नावाखाली एका मुलीची शाळा काढून घेतली जाते, तिच्या त्यागाचे गोडवे गायले जातात, आणि भाऊ पदवीधर होतो. माझ्या बाबतीत हे एकदा घडून गेले आहे. ते दुसऱ्यांदा घडू नये असे मला वाटते. एकाची सेवा दुसऱ्याच्या गुलामीवर उभी असेल तर तिला करुणा म्हणता येणार नाही. समतेवाचून करुणा म्हणजे घरातल्या दुबळ्या माणसावर टाकलेली वेठ होय.

विनयपिटकातील आजारी भिक्खूची कथा वाचकांना परिचित आहे. तो अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. बुद्धांनी विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करीत नाहीत. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः पाणी घातले, दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवले. मग संघाला एकत्र बोलावून सांगितले की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार?

या कथेतून बहुधा बुद्धांची करुणा सांगितली जाते. मला तीत आणखी दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे उपयोगी पडत नाही हे कारण बुद्धांनी मुळीच ऐकून घेतले नाही. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरवण्यास नकार दिला. दुसरी म्हणजे त्यांनी एका भिक्खूला नेमून, तू याला जन्मभर सांभाळ, असे सांगितले नाही. जबाबदारी संघावर टाकली. जेथे आईबाप नाहीत, किंवा असून पुरे पडत नाहीत, तेथे अनेकांनी मिळून आईबाप व्हायचे. निवासी संस्थेचे तत्त्व याहून निराळे असू नये. ज्या संस्थेत संघ आई होतो ती ठेवण्याची जागा. ज्या संस्थेत आईची सुटका होते पण मुलाला कोणीच मिळत नाही ती टाकण्याची जागा. बाहेरून दोन्हींच्या पाट्या सारख्याच असतात.

प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे की त्याच विनयात आंधळे, बहिरे, पांगळे यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे, आणि अपस्मार असलेल्यांनाही ती नाकारलेली आहे. अपस्मार म्हणजे माझ्या भाच्याला येतात त्या फिट. हा नियम कोणत्या परिस्थितीत आला, उपचार मिळावेत म्हणून रोगी संघात शिरू लागले होते, हे सारे मला माहीत आहे. तरी तो नियम मला टोचतो. टोचू द्यावा असे वाटते.

उलट चूळपंथकाची गोष्ट आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा सख्खा थोरला भाऊ महापंथक विद्वान भिक्खू होता. त्याने वैतागून त्याला विहारातून निघून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला दारात अडवले, हातात पांढरे फडके दिले आणि ते हाताने चोळत राहायला सांगितले. फडके मळले, त्यावरून त्याला अनित्यता कळली. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी स्वतःला बुद्धांच्या जागी कल्पिले आहे. परंतु माझ्या वर्गातही एक असे मूल पटावर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ते आहे. मी त्याची हजेरी लावतो, त्याला शेवटच्या बाकावर बसवतो, आणि तपासणी अधिकारी यायचे असले की घरी राहू दे असे त्याच्या आईला सुचवतो. मी महापंथक आहे. शिकलेला थोरला भाऊ.

ज्या दोन-तीन संस्था मी प्रत्यक्ष पाहिल्या त्यांविषयी नावे न घेता सांगतो. एका ठिकाणी कार्यालयात भिंतभर मानपत्रे होती. विश्वस्त म्हणाले, "गुरुजी, मागच्या जन्मीचे यांचे भोग, आणि आमच्या वाट्याला सेवेचे पुण्य." चहा चांगला होता. मुले दाखवा म्हटले तर ती झोपली आहेत असे कळले. सकाळचे अकरा वाजले होते. मी विचार करीत राहिलो की ज्याच्या पुण्यासाठी या मुलांचे भोग लागतात तो त्यांचे भोग कमी कसे होऊ देईल? पुण्याचा धंदा दुःखाच्या मालावर चालतो. आणि आपण तरी काय करतो? १४ एप्रिलला अशा मुलांना केळी वाटतो आणि केळी हातात असतानाच फोटो काढतो. पुढल्या १४ एप्रिलपर्यंत त्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

दुसरी संस्था एका जिल्ह्याच्या गावी, पत्र्याच्या दोन शेडांत. रंग उडालेला. तेथे मी न कळवता जेवणाच्या वेळी गेलो. जाणाऱ्यांनी असेच जावे. मुलांची नखे पाहावीत. कापलेली असली तर कोणी हात हातात घेते असे समजावे. कपडे ज्याचे त्याचे आहेत की धुऊन एका ढिगात पडतात आणि ज्याला जे हाती येईल ते घालतात, हे पाहावे. फिटच्या गोळ्यांची वही मागावी, रात्री काळजीवाहक किती असतात आणि मुलींकडे बाई असते काय ते विचारावे. न्हाणीला दार आहे काय ते पाहावे. सर्वांत महत्त्वाचे, आईला केव्हाही येता येते काय ते विचारावे. ठरलेल्या रविवारीच या असे सांगणाऱ्या ठिकाणी मूल ठेवू नये. या पत्र्याच्या शेडमधल्या अधीक्षक बाई मला म्हणाल्या, "आम्हाला माणसं कमी आहेत, अनुदान वेळेवर येत नाही. खोटं सांगत नाही. पण रात्री मी इथंच झोपते." एक मुलगा त्यांच्या पदराचे टोक धरून उभा होता आणि त्या ते सोडवून न घेता माझ्याशी बोलत होत्या.

आपले काही विरोधक डिवचतात की तुमच्या बुद्धानेही पोर टाकले होते. बाबासाहेबांच्या ग्रंथात याचे उत्तर आहे: शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्यात युद्ध टाळण्यासाठी सिद्धार्थाने गृहत्याग पत्करला, आईबापांची अनुमती घेतली आणि यशोधरेने त्याला संमती दिली. राहुल आईजवळ, आजोबांजवळ राहिला. त्याला सांभाळणारे घर होते. अक्का बाहेर पडते तेव्हा मागे फक्त मेढ असते.

या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. बाबासाहेबांनी भिक्खू हा समाजसेवक की केवळ परिपूर्ण मनुष्य, असा प्रश्न उपस्थित केला होता. मी विहाराच्या इमारतीविषयी तोच प्रश्न विचारतो. आमच्या तालुक्यातील बहुतेक विहारे सकाळ-संध्याकाळ वंदनेपुरती उघडतात, दिवसभर कुलूप. दुपारी दहा ते पाच या वेळात दोन बाया मानधनावर नेमून चार-पाच मुले तेथे सांभाळली तर किती अक्का बिनघोर वेचणीला जातील? निवासी संस्थेची गरज पुष्कळ ठिकाणी यामुळे पडते की दिवसा सांभाळायला कोणी नाही. आमच्या गावच्या विहार समितीपुढे मी हे मांडले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फरशी नवी आहे, ती मुलं घाण करतील." ठराव पुढील बैठकीवर ठेवला आहे. मी पुढील बैठकीलाही मांडणार आहे.

भाच्यासाठी पत्र्याच्या शेडची ती शाळा ठरली. जूनपासून. अक्का स्वतः येऊन पाहून गेली. तिने नखे वगैरे काही पाहिले नाही, सरळ चुलीकडे गेली आणि भाजीत हात घालून चव घेतली. परत येताना बसमध्ये तिने एकदाच विचारले, "त्याला वाटल का, आईनं टाकलं म्हणून?" मी तिला धम्मातले काही सांगितले नाही. वाटेल, म्हणालो. पहिले काही दिवस वाटेल.

प्रवेशाच्या अर्जात एक रकाना होता: आईवडिलांच्या पश्चात जबाबदारी घेणाऱ्याचे नाव व सही. तो मी दोन दिवस कोरा ठेवला. चौथ्या वर्षी तो अठराचा होईल, शाळा संपेल, जिल्हाधिकारी कार्यालयात पालकत्वाचा अर्ज करावा लागेल, आणि अक्का तेव्हा आजच्यापेक्षा थकलेली असेल. आमच्या दोन खोल्या आहेत आणि दोन मुले. शिवाय उन्हाळ्याची सुट्टी तर येत्या वर्षीच आहे. वेचणी नसली तरी अक्का तेव्हा रोजगार हमीवर जाते. मी पत्नीपुढे अर्ज ठेवला आणि काही बोललो नाही. तिने तो पुरता वाचला. मग ती उठून गॅलरीत गेली, कठडा हाताने हलवून पाहिला आणि तेथूनच म्हणाली, "सही करा. पण त्याच्याआधी इथं जाळी बसवून घ्या."